रोज संगणक बंद करूनही सकाळी मेमरी भरलेलीच दिसते: निदान कुठून सुरू करावे?

कापूसकाठ (मानवत, जि. परभणी)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून घरच्या संगणकाविषयी मार्गदर्शन हवे आहे. संगणक डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-3 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची हार्ड डिस्क असून विंडोज 10 चालते. शाळेची ऑनलाइन माहिती भरणे, प्रश्नपत्रिका टंकित करणे आणि बारावीत असलेल्या मुलीने नीटच्या तयारीचे व्हिडिओ पाहणे, एवढेच काम त्यावर होते.

गेल्या काही महिन्यांपासून संध्याकाळपर्यंत मेमरीचा आकडा 90 टक्क्यांच्या पुढे जातो, एक पान उघडायला मिनिटभर लागते आणि मुलीचा व्हिडिओ मध्येच अडकतो. टास्क मॅनेजर उघडून यादीतील सर्व प्रोग्रामच्या मेमरीची मी कागदावर बेरीज केली, तर ती जेमतेम 3 जीबी भरली; वर मात्र 7 जीबीपेक्षा जास्त वापर दाखवला जात होता. उरलेली मेमरी कोण वापरते, हे मला कळलेले नाही. ब्राउझर बंद केला तरी फारसा फरक पडत नाही.

निरीक्षणे जशी आहेत तशी देतो, कारण त्यांतील काहींचा अर्थ मला लागलेला नाही. मी रोज रात्री संगणक रीतसर बंद करतो, तरी सकाळी सुरू केल्याबरोबर मेमरी 60 टक्क्यांच्या आसपास असते. आमच्याकडे वीज अचानक जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झालेली आहे, त्यामुळे कधी कधी संगणक धाडकन बंद पडतो. विशेष म्हणजे वीज गेल्यावर पुन्हा सुरू केलेला संगणक अगदी हलका चालतो. दुपारच्या वेळी प्रोसेसरचा आकडा 47 टक्क्यांच्या जवळ स्थिर राहतो, तो वर जात नाही आणि खालीही येत नाही, आणि तरीही त्या वेळी संगणक सर्वांत मंद असतो. रात्री आम्ही जेवायला बसलो की संगणकाजवळ कोणी नसताना पंखा मोठ्याने फिरू लागतो आणि माऊस हलवला की थोड्याच वेळात शांत होतो.

दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले, तेव्हा एकदा फॉरमॅट करून मिळाले. पंधरवड्यात तक्रार परत आली. आता मदरबोर्ड गेला आहे, असे ते म्हणतात. मदरबोर्ड बदलण्यापूर्वी मला स्वतःला काय तपासता येईल, हे कृपया सांगावे.

बालाघाट (अंबाजोगाई, जि. बीड)

सर, आपण निरीक्षणे फार नेटकी लिहिली आहेत. वीज गेल्यानंतर संगणक हलका चालतो, हे वाक्य त्यांत सर्वांत मोलाचे आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी मेमरीचे आकडे कसे वाचायचे ते सांगतो.

मेमरी भरलेली दिसणे हा मुळात दोष नव्हे. पुन्हा लागतील अशा फायली विंडोज रिकाम्या रॅममध्ये हाताशी ठेवते आणि एखाद्या प्रोग्रामला जागा हवी झाली की ती लगेच मोकळी करून देते. टास्क मॅनेजरमध्ये ही मेमरी ‘कॅश्ड’ या नावाखाली वेगळी दिसते आणि तिची काळजी करण्याचे कारण नसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’वर जा आणि तिथले तीन आकडे वहीत लिहा: ‘इन यूज’, ‘कमिटेड’ आणि ‘नॉन-पेज्ड पूल’. ‘कमिटेड’ म्हणजे विंडोजने सर्व प्रोग्रामना मिळून कबूल केलेली मेमरी. तिची मर्यादा रॅम आणि डिस्कवरील पेज फाइल यांच्या बेरजेएवढी असते. हा आकडा मर्यादेला भिडू लागला, तर प्रोग्राम आपोआप बंद पडू लागतात. त्याच्या कितीतरी आधीच विंडोज रॅममधील मजकूर हार्ड डिस्कवर हलवू लागते, आणि फिरती हार्ड डिस्क रॅमच्या मानाने इतकी संथ असते की सगळा संगणकच थांबल्यासारखा वाटतो. आपल्या मुलीचा व्हिडिओ बहुधा तिथेच अडकतो.

माझा खरा संशय मात्र ‘नॉन-पेज्ड पूल’वर आहे. ही मेमरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचे निरनिराळे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, वापरतात. ती कधीच डिस्कवर हलवता येत नाही आणि ती कोणत्याही एका प्रोग्रामच्या नावावर नसल्यामुळे प्रोग्रामच्या यादीत दिसतही नाही. यादीची बेरीज आणि एकूण वापर यांत काही शे एमबीचे अंतर असणे स्वाभाविक आहे, पण 4 जीबीचे अंतर स्वाभाविक नाही. घरगुती संगणकावर हा पूल सहसा काही शे एमबीच्या आत असतो. तो जीबीमध्ये गेला असेल, तर एखादा ड्रायव्हर मेमरी उसनी घेतो आणि काम झाल्यावर परत करत नाही, असे समजावे.

आता विजेचे कोडे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक संगणकांवर ती आधीपासून चालूच असते. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात खरे, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणीची स्थिती डिस्कवरील एका फाइलमध्ये जशीच्या तशी साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत रॅममध्ये आणली जाते. ड्रायव्हरने अडवून ठेवलेली मेमरीसुद्धा त्याच्यासोबत परत येते. वीज गेली की ही साठवण होत नाही, त्यामुळे विंडोजला सगळे मुळापासून उभे करावे लागते आणि पूल रिकामा होतो. आपला संगणक हलका होतो तो त्यामुळे. अर्थात याला उपाय समजून प्लग उपटू नका. लिहिणे चालू असताना वीज तुटली की हार्ड डिस्कवरील फायली खराब होतात. ‘रीस्टार्ट’ हा पर्याय निवडल्यावरही विंडोज मुळापासूनच सुरू होते, आणि तो मार्ग सुरक्षित आहे.

याची खातरजमा दोन मिनिटांत होईल. ‘परफॉर्मन्स’ विभागातच ‘सीपीयू’वर (म्हणजे प्रोसेसरवर) गेल्यास ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज मुळापासून सुरू झाल्यापासूनचा काळ, दिसतो. आपण रोज संगणक बंद करत असूनही तिथे कित्येक दिवसांचा काळ दिसला, तर माझा तर्क बरोबर आहे. मग एकदा ‘रीस्टार्ट’ करून पुन्हा तिन्ही आकडे लिहा. तोपर्यंत काहीही काढू नका आणि बदलू नका, कारण एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला हे कधीच समजणार नाही. मेमरी साफ करून देण्याचा दावा करणारे फुकट प्रोग्रामही कृपया घेऊ नका. ते प्रोग्रामची मेमरी बळजबरीने डिस्कवर ढकलून आकडा तेवढा कमी करून दाखवतात. नॉन-पेज्ड पूलला त्यांचा हातही लागत नाही.

मांजरातीर (लातूर)

सर, मी येथे संगणक टंकलेखनाचा वर्ग चालवते. रात्रीच्या पंख्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्या लक्षणामागे अगदी निरुपद्रवी कारणही असते आणि अत्यंत घातक कारणही असते, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात.

निरुपद्रवी कारण असे की, विंडोजची देखभालीची कामे, म्हणजे विषाणूंची तपासणी, शोधासाठी फायलींची सूची करणे, अपडेटची तयारी, ही संगणक रिकामा असताना चालावीत अशीच रचना आहे. त्यांची ठरलेली वेळ पहाटे 2 ची असते. त्या वेळी आपला संगणक बंद असतो, म्हणून ती कामे पुढे कधीतरी संगणक चालू पण रिकामा सापडला की सुरू होतात, आणि माऊस हलवताच थांबतात.

घातक कारण मी स्वतः भोगले आहे. माझ्या वर्गातील दहा संगणकांवर एका सहायकाने मराठी छपाईचा एक प्रोग्राम चोरट्या प्रतीतून टाकला होता. टाकताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना आली आणि त्याने ती पाळली. पुढे तीन महिने सर्व संगणक तापत राहिले आणि विजेचे बिल वाढले, परंतु टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर शांत दिसे. त्या प्रतीसोबत दुसऱ्या कोणासाठी आभासी चलन खणणारा, म्हणजे आमच्या संगणकांची ताकद वापरून ते मिळवणारा, एक छुपा प्रोग्राम आला होता, आणि टास्क मॅनेजर उघडताच स्वतःचे काम थांबवण्याची युक्ती त्याच्यात होती. त्याचे नाव विंडोजच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या खऱ्या प्रोग्रामसारखे होते. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या ‘सिस्टिम32’ या फोल्डरमधून चालतो, आणि हा मात्र वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये बसलेला होता. यादीतील नावावर माऊसची उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की हा फरक दिसतो.

दोन्ही कारणांतला भेद घरच्या घरी ओळखण्याची एक सोपी रीत आहे. टास्क मॅनेजर उघडा, ‘सीपीयू’ या शीर्षकावर कळ दाबून सर्वांत जास्त वापर करणारे नाव वर येईल असे करा, समोर मोबाइल टेकवून व्हिडिओ चित्रण सुरू करा आणि खोलीबाहेर जा. टास्क मॅनेजर समोर असतानाही पंखा वाढला, तर त्या वेळी वर आलेले नाव चित्रणात सापडेल. टास्क मॅनेजर उघडा असेपर्यंत पंखा कधीच वाढत नाही आणि बंद केल्यावर दर वेळी वाढतो, असे तीन-चार वेळा दिसले, तर मात्र शंका घेण्यास जागा आहे.

त्याशिवाय ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये विषाणू संरक्षणाच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लुजन्स’ ही यादी अवश्य पाहा. तपासणीतून वगळलेले फोल्डर तिथे नोंदलेले असतात. माझ्या संगणकांवर संपूर्ण सी ड्राइव्हच तिथे वगळलेला आढळला, म्हणजे पहारेकऱ्याला घराकडे पाहायलाच मनाई केलेली होती. आपण स्वतः काही वगळले नसेल, तर ती यादी रिकामी असली पाहिजे. त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उभे राहण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्या प्रोग्रामला लपायला वाव राहत नाही. त्यास साधारण पंधरा मिनिटे लागतात. काही सापडलेच, तर दुसऱ्या निर्धोक उपकरणावरून बँकेचे, ईमेलचे आणि शाळेच्या संकेतस्थळाचे पासवर्ड त्याच दिवशी बदला, कारण असे प्रोग्राम पुष्कळदा पासवर्डही चोरतात. माझ्याकडे विद्यार्थ्यांची माहिती होती आणि तुमच्याकडेही आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहिते.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, मी हार्डवेअर दुरुस्तीचे काम करतो. मेमरीबद्दल बालाघाट यांनी सांगितले ते करा. माझे लक्ष तुमच्या 47 टक्क्यांवर आहे.

विंडोज 10 मधील टास्क मॅनेजर प्रोसेसरचा टक्का त्याच्या पायाभूत गतीच्या प्रमाणात दाखवतो. म्हणून एखाद्या प्रोसेसरची गती काही कारणाने निम्म्यावर आली, तर तो जीव तोडून काम करत असतानाही तिथे 50 टक्क्यांच्या आसपासच अडकलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते की अजून निम्मी ताकद शिल्लक आहे. प्रत्यक्षात काहीच शिल्लक नसते. तुमच्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप आय-3 प्रोसेसरची पायाभूत गती साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास असते. तेव्हा दुपारी जड काम चालू असताना ‘सीपीयू’च्या पानावरील ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ हे दोन्ही आकडे पाहा. स्पीड 1.6 च्या जवळ असेल, तर गणित जुळले. काम नसताना स्पीड 0.8 पर्यंत उतरणे चांगले असते, त्यात वीज वाचते. काम भरात असताना तो उतरलेला असणे हा दोष आहे. आकडा 47 ऐवजी नेमका 25 वर अडकला असता, तर मी वेगळे सांगितले असते. तुमच्या प्रोसेसरला विंडोज चार भागांत मोजते आणि एकाच भागात एखादा प्रोग्राम गरगरत राहिला, की 25 दिसते.

गती उतरण्याची दोन कारणे घरी तपासता येतात. पहिले एका मिनिटाचे आहे: ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कोणी 100 पेक्षा खाली आणून ठेवली नाही ना, हे पाहा. दुसरे कारण उष्णता. हा त्रास तुम्हाला दुपारीच होतो, म्हणून माझा कल तिकडेच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 ते 44 अंशांवर जातो. पंखा प्रोसेसरवर खोलीतलीच हवा सोडतो. ती हवाच इतकी तापलेली असल्यावर प्रोसेसर आतून शंभरीकडे सरकतो आणि जळू नये म्हणून स्वतःची गती स्वतःच कमी करतो. त्यात तुमचे गाव मानवत. तिथे जिनिंगचा हंगाम चालू असतो, तेव्हा कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. परभणी, मानवत, सेलू या पट्ट्यातून माझ्याकडे आलेल्या संगणकांत पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, तंतूंची गादी जमलेली मी अनेकदा पाहिली आहे. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि खालून हवेला वाटच नसते. पंखा सोडवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

साफ करताना वायर भिंतीतून काढा, डावीकडचे झाकण उघडा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून मगच ब्लोअर मारा. मोकळा सोडलेला पंखा ब्लोअरच्या वाऱ्याने भलत्या वेगाने फिरून खराब होतो. कंपनीसोबत आलेला पंखा प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसवलेला असतो. त्यांतली एक जरी सुटलेली असली, तरी पंखा तिरका बसतो आणि प्रोसेसर तापतो, म्हणून चारही खुंट्या हाताने चाचपून पाहा. पंखा काढलाच, तर खालचा वाळलेला थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या पात्यांकडे नेणारा लेप) पुसून नवा लावणे भाग आहे. मटारच्या दाण्याएवढा पुरतो. हे जमत नसेल, तर दुकानातून करून घ्या, पण समोर उभे राहून करून घ्या. संगणक लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर बाहेर काढा. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र त्याच्यावर सोडू नका. त्या दमट हवेने तंतू पात्यांना चिकटून घट्ट बसतात आणि पुढे बोर्डही गंजतो.

कापूसकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज शनिवार असल्यामुळे दुपारनंतर वेळ मिळाला, त्यात जेवढे तपासता आले तेवढे लिहितो.

अप टाइम 23 दिवसांचा दिसला. या 23 दिवसांत मी संगणक रोज रात्री बंद केला आहे. सकाळी सुरू केल्यावर इन यूज 4.9 जीबी आणि नॉन-पेज्ड पूल 2.1 जीबी होता. मुलीने दिवसभर व्हिडिओ पाहिल्यानंतर संध्याकाळी इन यूज 7.3 जीबी आणि पूल 3.9 जीबी झाला. लगेच रीस्टार्ट केले, तेव्हा इन यूज 2.6 जीबी आणि पूल केवळ 180 एमबी उरला. अनेक महिने ज्याच्यामागे लागलो होतो, ती मेमरी एका ओळीत सापडली, याचा मला फार आनंद झाला.

दुपारी 3 वाजता बेस स्पीड 3.40 आणि स्पीड 1.60 गिगाहर्ट्झ होता. पॉवर ऑप्शन्समधील मर्यादा 100 आहे. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यातच आहे. तो उद्या बाहेर काढतो.

पूल कोणत्या ड्रायव्हरमुळे वाढतो, हे कसे शोधावे? फॉरमॅटनंतर दुकानातून मदरबोर्डसोबतच्या मूळ सीडीवरील ड्रायव्हर टाकून मिळाले होते, हे सांगायचे राहिले होते.

बालाघाट

सर, फॉरमॅट करूनही तक्रार का परतली, याचे उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यात असावे. घर धुऊन काढले आणि त्याच सीडीतून तोच भाडेकरू पुन्हा आत आणला.

मायक्रोसॉफ्टचे पूलमॉन नावाचे साधन या कामासाठी आहे. पूलमधली मेमरी कोणत्या चार अक्षरी खुणेने घेतली गेली, हे ते दाखवते, आणि ती खूण ड्रायव्हरच्या फायलींत शोधली की ड्रायव्हरचे नाव मिळते. परंतु ते बसवण्यात वेळ जातो, आणि आपल्या बाबतीत त्याच्याशिवायही निर्णय होऊ शकेल. आपला पूल व्हिडिओ पाहण्याच्या दिवशी फुगतो, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीच्या प्रमाणात तो वाढत असावा. म्हणून रीस्टार्ट करून नेहमीच्या केबलवर ठरावीक तास व्हिडिओ चालवा आणि आधीचा व नंतरचा पूल लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा रीस्टार्ट करा, नेटवर्कची केबल काढून ठेवा, मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्या आणि तेवढेच तास व्हिडिओ चालवा. मोबाइलमधून आलेली माहिती नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमधून जातच नाही. त्या दिवशी पूल वाढला नाही, तर दोष त्याच ड्रायव्हरचा. दोन्ही दिवशी सारखाच वाढला, तर संशय अँटिव्हायरस किंवा नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामवर जाईल.

ड्रायव्हर नवा घ्यायचा, तो मदरबोर्ड किंवा नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. सगळे ड्रायव्हर आपोआप नवे करून देतो म्हणणारे प्रोग्राम टाळावेत. फास्ट स्टार्टअप सध्या बंद करा. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवण्याचे पान आहे, तिथे त्याची खूण काढता येते. त्याने गळती थांबणार नाही, पण आदल्या दिवसाची गळती दुसऱ्या दिवशीच्या डोक्यावर बसणार नाही.

कापूसकाठ

दोन आठवड्यांनंतर लिहीत आहे. उशीर झाला, पण सांगितलेली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे करून पाहायची असे ठरवले होते.

केबलवर चार तास व्हिडिओ चालवले, तेव्हा पूल 180 एमबीवरून 870 एमबीवर गेला. मोबाइलच्या इंटरनेटवर तेवढ्याच वेळात तो 190 वरून 200 एमबीवर गेला आणि तिथेच राहिला. नेटवर्क कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरवर तारीख 2014 ची होती. कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर टाकल्यापासून सहा दिवस मी मुद्दाम रीस्टार्ट केलेले नाही आणि या सहा दिवसांपुरता फास्ट स्टार्टअपही चालू ठेवला, म्हणजे गळती असेल तर ती साचून दिसावी. आज पूल 210 एमबी आहे आणि ब्राउझर उघडा असताना इन यूज 3.4 जीबी आहे.

पंख्याखाली खामकाठ दादांनी सांगितली तशीच तंतूंची गादी निघाली. ती हाताने सोलून काढावी लागली. एक खुंटीही सुटलेली होती. पेस्ट नवा लावून घेतला, संगणक कप्प्याबाहेर ठेवला, आणि काल दुपारी 43 अंश तापमान असतानाही स्पीड 3.4 च्या खाली आला नाही.

मांजरातीर ताई, तुमचे वाचून मी दोन रात्री अस्वस्थ होतो, कारण शाळेतील मुलांची माहिती या संगणकावरून भरली जाते. मोबाइलच्या चित्रणात विंडोजच्या विषाणू तपासणीचा ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि त्यानंतर ‘सर्च इंडेक्सर’ ही नावे वर आली. एक्सक्लुजन्सची यादी रिकामी आहे आणि ऑफलाइन स्कॅनमध्ये काही आढळले नाही. देखभालीची वेळ कंट्रोल पॅनेलमधून पहाटे 2 ऐवजी रात्री 8 केली आहे. त्या वेळी आम्ही जेवत असतो आणि संगणक चालू असतो.

आता एकच प्रश्न उरला आहे. थोडा खर्च करण्याची तयारी आहे. रॅम 16 जीबी करावी का?

खामकाठ

गुरुजी, रॅम वाढवू नका. 8 पैकी 3.4 जीबी वापरात असेल, तर वाढवलेली रॅम रिकामी पडून राहील. शिवाय तुमच्या बोर्डाला डीडीआर3 या जुन्या प्रकारची रॅम लागते, तीही आता बहुधा जुनीच मिळेल, आणि पुढे संगणक बदलला की ती नव्यात बसणार नाही. त्याऐवजी साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी (फिरता भाग नसलेली, हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) घ्या आणि विंडोज तिच्यावर हलवा. जुनी हार्ड डिस्क प्रश्नपत्रिका आणि व्हिडिओ साठवायला तशीच राहू द्या. ही एसएसडी पुढच्या संगणकातही चालेल.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, म्हणजे तुमच्या संगणकाला ते मिळणार नाही. ताईंनी मुलांच्या माहितीबद्दल लिहिले ते लक्षात ठेवून, मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवा आणि ब्राउझर नेहमी ताजा ठेवा. एसएसडी आणल्यावर जुन्या डिस्कवरील माहितीची प्रत पूर्ण झाल्याची खात्री करूनच विंडोज हलवा, आणि त्या दिवशी वीज जाण्याची वेळ टाळून काम काढा. प्रत करणे अर्ध्यावर असताना वीज तुटली, तर सारे पहिल्यापासून करावे लागेल. इन्व्हर्टरची बॅटरी त्याआधी बदलता आली, तर सर्वांत उत्तम.